कॉफी, कात आणि धुण्याचा सोडा : कृष्णधवल फिल्म धुण्याविषयी काही विवेचन

मराठीत आपण फिल्म 'धुतो'. छायाचित्रे घेऊन संपली की रोल दुकानात 'धुवायला' टाकावयाचा, ही बोली डिजिटल कॅमेरा येण्यापूर्वी लहानाचे मोठे झालेल्या कोणाही वाचकास परिचित असेल. ह्याच क्रियेस इंग्रजीने गुंडाळलेली वस्तू उलगडण्याचा शब्द दिला व जर्मन भाषेनेही तोच मार्ग धरला. पोर्तुगीज भाषेने 'प्रकट करणे' ह्या अर्थाचे क्रियापद पसंत केले. ह्या सर्व शब्दांत आतील अदृश्य चित्राकडे लक्ष आहे. मराठी व हिंदी लोकव्यवहाराने मात्र डोळ्यांस दिसणारी क्रिया तेवढी उचलली : द्रवात बुडविणे, हालविणे, खंगाळणे, दोरीवर वाळत घालणे. शास्त्रीय परिभाषेच्या काट्याने तोलल्यास हा शब्द सदोष ठरेल, कारण धुण्याने काही निघून जाते, आणि येथे तर आधी काही निर्माण व्हावे लागते. तथापि ज्या पद्धतीचे विवेचन ह्या लेखात करावयाचे आहे, तीपुरता तरी तो अक्षरशः खरा आहे. कारण तिच्यात धुण्याचाच सोडा लागतो.

ही पद्धती म्हणजे कॉफीच्या द्रावणात कृष्णधवल फिल्म विकसित करणे. भाषाशास्त्राच्या अध्यापकाने ह्या विषयाला हात का घालावा, अशी शंका वाचकांस येईल. तिचे उत्तर लेखाच्या उत्तरार्धात येईल. तूर्त इतकेच सांगतो की, आमच्या विभागातील एका कपाटात सापडलेल्या चार रोलांनी मला हा विषय शिकविला, आणि त्यांतील एकाची किंमत देऊन मी तो शिकलो.

फिल्मवर जिलेटिनच्या थरात रजत-ब्रोमाइडचे अतिसूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. क्षणार्धात उघडझाप झालेल्या भिंगातून प्रकाश आला की ज्या स्फटिकांवर तो पडतो, त्यांच्या एखाद्या कोपऱ्यात चांदीचे मोजके अणू मुक्त होऊन एकत्र येतात. चारएक अणूंचा पुंजका पुरेसा होतो. हा इतका लहान असतो की कोणत्याही सूक्ष्मदर्शकाखाली धरूनही चित्र दिसावयाचे नाही. म्हणूनच त्यास सुप्त प्रतिमा म्हणतात. विकासक द्रावणाचे कार्य एवढेच की, ज्या स्फटिकांत असा पुंजका आहे त्यांस इलेक्ट्रॉन पुरवून त्यांतील सगळ्या चांदीस मुक्त करावयाचे, आणि ज्यांत तो नाही त्यांस शक्य तो वेळ स्पर्श करावयाचा नाही. चार अणूंच्या साक्षीवर कोट्यवधी अणूंचा निवाडा होतो. हा निवाडा बिनचूक व्हावा ह्यातच विकासकाचे सारे कौशल्य आहे. कारण पुरेसा वेळ दिला तर प्रकाश न लागलेले स्फटिकही काळे होऊ लागतात व चित्रावर करडे धुके पसरते.

आता इलेक्ट्रॉन देऊ शकणारे पदार्थ पुष्कळ आहेत, परंतु असा विवेक राखून देणारे थोडे. त्यांतील एक मोठा वर्ग असा की, ज्यांच्या रेणूत बेंझिनच्या कड्यावर शेजारी शेजारी किंवा समोरासमोर दोन हायड्रॉक्सिल गट असतात. कॉफीत कॅफिक आम्ल ह्या नावाचा पदार्थ आहे. त्याच्या कड्यावर असे दोन गट शेजारी शेजारी बसलेले आहेत. कॉफीच्या बीत तो बहुतांशी मोकळा नसून क्विनिक आम्लाशी जोडलेल्या अवस्थेत असतो, आणि ह्या जोडरेणूस क्लोरोजेनिक आम्ल म्हणतात. ह्या दोन्ही नावांनी मराठी वाचकाची फसगत होण्याचा संभव आहे. क्लोरोजेनिक आम्लात क्लोरीन मुळीच नाही. ग्रीक 'ख्लोरोस' म्हणजे हिरवट, व हवेत ह्या पदार्थाचा रंग हिरवा होतो म्हणून हे नाव पडले. तसेच कॅफिक आम्ल आणि कॅफीन ह्यांचा कॉफीच्या नावापलीकडे काही संबंध नाही. झोप उडविणारे कॅफीन फिल्म विकसित करीत नाही. कॅफीन काढून टाकलेल्या कॉफीनेही चित्र तितकेच चांगले उमटते. 'कॅफेनॉल' हे ह्या विकासकाचे रूढ झालेले नाव सुटसुटीत आहे खरे, पण ऐकणाऱ्यास ते नेमके चुकीच्या पदार्थाकडे घेऊन जाते.

हे नाव व ही कृती फार जुनी नाहीत. अमेरिकेतील रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे स्कॉट विल्यम्स ह्यांच्या छायाचित्रण-रसायनाच्या वर्गाने १९९५ साली कॉफी व धुण्याचा सोडा ह्यांचा विकासक सिद्ध करून दाखविला. कोडॅक कंपनीच्याच गावी हे घडावे, ह्यात थोडी गंमत आहे. त्या पहिल्या कृतीने काम मंद होई आणि फिल्मवर तपकिरी डाग राही. पुढील काही वर्षांत हौशी मंडळींनी तिच्यात जीवनसत्त्व 'क' म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल मिसळले, आणि मग दोघांचे मिळून जे कार्य झाले ते एकेकट्याच्या कार्यांच्या बेरजेहून किती तरी अधिक भरले. ॲस्कॉर्बिक आम्लाचा हा गुण कारखानदारांस अपरिचित नव्हता. कोडॅकने १९९६ साली बाजारात आणलेल्या एक्सटॉल ह्या विकासकाचा आधारही त्याच कुळातील आहे.

परंतु वनस्पतींतून विकासक काढण्याची कल्पना नवी समजण्याचे कारण नाही. उलट छायाचित्रणाचा आरंभच तेथून झाला. हेन्री फॉक्स टॅल्बट ह्याने १८४० मध्ये शोधून पुढील वर्षी ज्या कॅलोटाइप पद्धतीचे पेटंट घेतले, तिच्यात सुप्त प्रतिमा प्रकट करणारा पदार्थ गॅलिक आम्ल हा होता, आणि तो मायफळातून मिळे. ओक वृक्षावर कीटकांमुळे येणाऱ्या गाठी म्हणजे मायफळे, जी आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात व बाळंतिणीच्या बटव्यात असत. आपल्या हिरड्यातील टॅनिनातूनही गॅलिक आम्ल निघते. गॅलिक आम्ल तापविले की पायरोगॅलॉल मिळते; एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील असंख्य काचपट्ट्या त्यात धुतलेल्या आहेत. हायड्रोक्विनोन १८८० मध्ये व मेटॉल १८९१ मध्ये आले, आणि तेव्हापासून झाडपाल्याची ही परंपरा मागे पडली. विद्यार्थ्यांच्या कॉफीने तिला पुन्हा उजाळा दिला, इतकेच.

येथे एका शब्दाचा मागोवा घेण्याचा मोह मला आवरत नाही. ज्या दोन शेजारी हायड्रॉक्सिल गटांचा उल्लेख वर केला, त्या रचनेचा सर्वांत साधा पदार्थ कॅटेकॉल होय, आणि तोही जुना नावाजलेला विकासक आहे. त्याचे नाव 'कॅटेचू'वरून पडले. कॅटेचू म्हणजे आपल्या विड्यातला कात, खैराच्या गाभ्याच्या ढलप्या उकळून आटविलेला. १८३९ साली कातातील द्रव्याचे ऊर्ध्वपातन करूनच कॅटेकॉल प्रथम मिळविण्यात आले. मराठी 'कात' आणि 'कॅटेकॉल' ह्यांचे ध्वनिसाम्य पाहून हा शब्द थेट आपल्याकडून गेला असे म्हणण्याचा उत्साह वाटतो, व गार्सिया द ओर्ता ह्याने गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या आपल्या संवादग्रंथात ह्या पदार्थास 'काते' म्हणूनच नोंदविले असल्याने त्या उत्साहास आधारही मिळतो. तथापि 'कॅटेचू' ह्या रूपातील शेवटचा 'चू' मराठीने समजत नाही. तो मलाय 'काचु' व त्यामागील द्राविड रूपे ह्यांकडे बोट दाखवितो; कानडीत आजही 'काचु' आहे. दोन बंदरांतून निघालेले दोन शब्द लॅटिनमध्ये एकमेकांत मिसळले असावेत, असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते. मराठी कात व काढा हे दोन्ही शब्द संस्कृत 'क्वथ्', म्हणजे उकळणे, ह्या धातूकडे नेले जातात. तेव्हा कॉफीच्या काढ्यात चित्र उमटावे आणि त्या रासायनिक रचनेचे नाव काताच्या घराण्यातील असावे, हा योग वाटतो तितका आकस्मिक नाही. असो.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. एक लिटर पाण्यास निर्जल धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, ॲस्कॉर्बिक आम्ल १६ ग्रॅम आणि झटपट कॉफीची पूड ४० ग्रॅम, हे आज सर्वत्र प्रचलित असलेले प्रमाण आहे. वेगवान अथवा जुनी फिल्म असल्यास त्यात १ ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड घालतात, म्हणजे धुके आटोक्यात राहते. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका रोलास सुमारे ३०० मिलिलिटर द्रावण लागते. त्या हिशेबाने सोडा १६, आम्ल ५ व कॉफी १२ ग्रॅम पुरते. प्रथम सोडा विरघळवावा, नंतर आम्ल घालावे. ह्या वेळी फेस येतो, तो बसू द्यावा. कॉफी सर्वांत शेवटी. द्रावणास जो वास येतो तो कॉफीचा राहत नाही. कुजलेल्या गवताशी त्याचे साम्य आहे, आणि घरातील मंडळींस आधी कल्पना दिलेली बरी. २० अंश सेल्सिअस तपमानास १५ मिनिटे विकसन होते. पहिले अर्धे मिनिट डबी सारखी उलटसुलट करावी व पुढे दर मिनिटास तीन वेळा. आपल्याकडे नळाचे पाणी चैत्र-वैशाखात तीस अंशांवर असते, तेव्हा बर्फाच्या परातीत भांडे ठेवून तपमान उतरविणे अगत्याचे आहे. गरम द्रावणात वेळ कमी करून भागते खरे, पण जिलेटिन मऊ पडून ओरखडे उठतात. फिल्म डबीत भरण्याचे काम मिट्ट काळोखात व्हावे लागते. लाल दिवा छपाईच्या कागदास चालतो, फिल्मला नाही.

कॉफी कोणती, हा प्रश्न महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा आहे. आपल्या दुकानांतील पुष्कळशा पुड्यांत व बाटल्यांत चिकोरी मिसळलेली असते, व तिचे प्रमाण वेष्टनावर छापलेले असते. ते वाचल्यावाचून घेऊ नये, कारण चिकोरीच्या मुळातून मुख्यतः रंग, गोडी व दाटपणा येतो. आपल्यास हवे असलेले आम्ल तिच्यात फार थोडे. रोबस्टा जातीच्या कॉफीत क्लोरोजेनिक आम्ल अरेबिकाहून अधिक असते आणि भाजण्याने ते कमी होत जाते. ह्याचा व्यावहारिक अर्थ असा की, पिण्यास जी स्वस्त व कडवट लागेल तीच येथे उत्तम. तसेच ॲस्कॉर्बिक आम्लाची शुद्ध पूडच घ्यावी. लिंबू पिळून काम होईल, असे एका विद्यार्थ्याने मला सुचविले होते. त्यास उत्तर म्हणून आम्ही हिशेब मांडला : एक लिटर लिंबाच्या रसात जीवनसत्त्व 'क' अर्धा ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे १६ ग्रॅमांसाठी तीस लिटरांहून अधिक रस लागेल, आणि त्यातील सायट्रिक आम्ल सगळा सोडा खाऊन टाकील.

सोडा ह्या शब्दापाशी मात्र थांबणे भाग आहे. मराठीत एकाच 'सोडा' शब्दाने निदान तीन पदार्थ ओळखले जातात : धुण्याचा, खाण्याचा आणि बाटलीतला. पहिला सोडियम कार्बोनेट, दुसरा सोडियम बायकार्बोनेट, तिसरे केवळ वायू दाबून भरलेले पाणी. कॉफीतील आम्लाच्या हायड्रॉक्सिल गटांनी इलेक्ट्रॉन सोडावेत ह्यासाठी द्रावण चांगलेच अल्कधर्मी असावे लागते. धुण्याच्या सोड्याने ते तसे होते. खाण्याच्या सोड्याची शक्ती तेथवर पोहोचत नाही. शिवाय धुण्याच्या सोड्यातही दोन रूपे आहेत. काचेच्या खड्यांसारखा जो मिळतो त्याच्या प्रत्येक रेणूस पाण्याचे दहा रेणू चिकटलेले असतात. ५४ ग्रॅम निर्जल सोड्याऐवजी हे खडे सुमारे १४६ ग्रॅम घ्यावे लागतात. उघडे राहिलेले खडे पाणी टाकून पांढरे पडू लागतात, मग किती घ्यावे ह्याचा काही नेम राहत नाही. ह्यावर सोपा उपाय असा : खाण्याचा सोडा लोखंडी तव्यावर मंद आचेवर अर्धा-पाऊण तास परतावा. त्यातून पाण्याची वाफ व कर्बवायू निघून जातो आणि मागे निर्जल धुण्याचा सोडा उरतो. १६८ ग्रॅमांचे १०६ ग्रॅम झाले म्हणजे क्रिया पुरी झाली. वजन करावे, रंगावरून काही कळत नाही, दोन्ही पांढरेच. तो तवा, भांडी व चमचे पुढे स्वयंपाकास वापरू नयेत आणि हातांत रबरी मोजे असावेत.

हे सर्व मला २०२० च्या पावसाळ्यात ठाऊक असते तर बरे झाले असते. त्या वर्षी टाळेबंदीच्या काळात आमच्या विभागाच्या छपरास गळती लागली आणि कपाटे हलविण्यासाठी मला परवानगी काढून इमारतीत जावे लागले. एका कपाटात पत्र्याचा डबा होता; त्यात चार रोल, उघडलेले पण न धुतलेले, चिठ्ठ्यांवर आमच्या एका दिवंगत ज्येष्ठ अध्यापकांचे हस्ताक्षर. कोकणातील बोलींची पाहणी त्यांनी केली होती व तिच्या वह्या आम्ही वर्षानुवर्षे वापरीत आलो होतो. त्या वह्यांत शब्दांपुढे 'चित्र १७', 'चित्र २२' असे आकडे आहेत. चित्रे मात्र कोणी पाहिलेली नव्हती. उदाहरणच द्यावयाचे तर, नांगर हाताने धरावयाचा जो उभा दांडा, त्यासंबंधीच्या एकाच प्रश्नास एका गावी 'रुमणे' हे उत्तर मिळाले, व दुसऱ्या गावी 'मूठ'. आता सामान्यतः मूठ म्हणजे त्या दांड्याच्या वरच्या टोकाची पकड. तेव्हा दुसऱ्या गावी भागाचे नाव संपूर्ण दांड्यास मिळाले होते, की सांगणाऱ्याने केवळ पकडीचेच नाव सांगितले होते? हा अर्थविस्तार आहे की प्रश्न विचारण्यातील चूक? वहीत उत्तर नव्हते. चित्र १७ मध्ये ते असण्याचा संभव होता.

डब्यास ओल लागली होती. दमट हवेत सुप्त प्रतिमा विरत जाते, आणि बाहेरगावाहून विकासक मागविण्याची सोय त्या महिन्यांत जवळजवळ नव्हती. रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्यांनी ॲस्कॉर्बिक आम्ल, ब्रोमाइड आणि हायपो दिले. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. आयोडीनच्या अनुमापनासाठी ते प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असते. ते नसते तर मी काही करू शकलो नसतो, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण 'स्वयंपाकघरातील वस्तूंनी फिल्म धुवा' असे जे सांगितले जाते ते अर्धेच खरे आहे. चित्र काळे होणे कॉफीने साधते; ते पक्के होण्यासाठी न वापरलेले रजत-ब्रोमाइड विरघळवून काढावे लागते, आणि ते काम जॉन हर्शेलने १८१९ मध्ये चांदीचे क्षार विरघळविण्याचा ज्याचा गुण नोंदविला त्या हायपोवाचून नीट होत नाही. मिठाचे संपृक्त द्रावण वापरून दिवस-दिवस फिल्म ठेवणारे लोक आहेत. मी त्या वाटेस गेलो नाही.

कॉफी घरची होती. सोडा मी कोपऱ्यावरील दुकानातून 'सोडा द्या' म्हणून आणला. दुकानदाराने मागितले ते दिले; खाण्याच्या पदार्थांच्या दुकानात ह्या शब्दाचा दुसरा अर्थ होत नाही. शब्दार्थ संदर्भाने ठरतो हे वर्गात मी प्रतिवर्षी शिकवितो. पहिला रोल मी पंधरा मिनिटे त्या द्रावणात हालविला, पाण्याने खंगाळला, हायपोत घातला आणि दिव्यासमोर धरला. फिल्म काचेसारखी स्वच्छ होती. चौकटींचे क्रमांकसुद्धा उमटले नव्हते, ह्यावरून दोष जुन्या फिल्मचा नसून द्रावणाचा आहे हे कळले. कारण ते क्रमांक कारखान्यातच प्रकाशाने उमटविलेले असतात व विकासक काम करीत असेल तर बहुधा दिसतातच. हायपोत घालण्यापूर्वी मी थांबलो असतो तर योग्य सोड्याने तोच रोल पुन्हा धुता आला असता. हायपोने त्यातील सुप्त प्रतिमेसकट सर्व काही धुवून नेले होते. धुण्याचा मराठी अर्थ त्या दिवशी पूर्णपणे सिद्ध झाला.

म्हणून ज्या कोणास हा प्रयोग करावयाचा असेल त्याने एक पथ्य पाळावे. रोलच्या आरंभी जी जीभ बाहेर असते, तिचा नखाएवढा तुकडा कापून उजेडातच तयार द्रावणात टाकावा. पाच मिनिटांत तो काळाभोर झाला तर द्रावण जिवंत आहे. झाला नाही तर डबी उघडू नये. ह्या परीक्षेस एक चमचाभर द्रावण लागते. तसेच जी फिल्म पुन्हा मिळणार नाही तिच्यासाठी, परिस्थितीने भाग पाडल्यावाचून, कॉफीकडे वळूच नये असे माझे मत आहे. कारखान्यातून आलेल्या विकासकाची प्रत्येक बाटली सारखी असते. कॉफीची तशी हमी नसते. नव्या फिल्मवर मात्र विद्यार्थ्यांनी हा प्रयोग अवश्य करावा, कारण विकसन म्हणजे काय हे त्यातून जितके कळते तितके तयार द्रावणातून कळत नाही.

दुसरा रोल मी चार दिवसांनी धुतला. तव्यावर परतलेला सोडा, तोललेले ब्रोमाइड, तुकड्याची परीक्षा, सर्व झाले. त्यावर धुके दाट होते आणि निम्म्या चौकटींत काही ओळखता येत नव्हते. उरलेल्या तपकिरी छटेतून दिसल्या. तिसऱ्यात परिस्थिती थोडी बरी निघाली. चित्र १७ त्यात होते. बांधावर टेकवून ठेवलेला नांगर, बाजूस अर्धा माणूस, आणि त्याचा हात दांड्यावर. हात वरच्या पकडीवर नाही. तो बराच खाली, इसाड जेथे जोडलेले असते त्याच्या जवळ आहे, आणि बोट दांड्याच्या लांबीवरून फिरत असावे असे ते हलल्यामुळे पुसट झाले आहे. वहीतील 'मूठ' ही नोंद आता आम्ही संपूर्ण दांड्याचे नाव म्हणून घेतो. चित्र २२ पहिल्या रोलात असावे, कारण इतर दोहोंत ते नाही.

चौथा रोल अद्याप धुतलेला नाही. तो हवाबंद पिशवीत, शीतकपाटात आहे. टाळेबंदी उठल्यानंतर कमी धुके आणणारा तयार विकासक आम्ही मागविला; तो आला आहे, आणि प्रथम त्याच काळातील एका निरुपयोगी फिल्मच्या तुकड्यांवर वेळ ठरविण्याचे काम चालू आहे.